चाल, वेग आणि वास्को द गामाचा परतीचा प्रवास

भौतिकशास्त्राच्या शालेय पुस्तकात गतीचा धडा उघडला की पहिल्या दोन-तीन पानांतच एक जोडगोळी भेटते: चाल आणि वेग. एकक काळात कापलेलं अंतर म्हणजे चाल, एकक काळात झालेलं विस्थापन म्हणजे वेग. चालीला फक्त परिमाण, वेगाला परिमाण आणि दिशा दोन्ही. इंग्रजीतून शिकलेल्यांनी हेच स्पीड आणि व्हेलॉसिटी म्हणून पाठ केलं. 'फरक स्पष्ट करा', गुण दोन! परीक्षा झाली की विषय संपला.

संपतो, कारण शाळेबाहेर हा फरक कुणीच पाळत नाही. महामार्गावरची पाटी 'वेगमर्यादा' सांगते आणि तिला दिशेशी काही देणंघेणं नसतं. पणजीहून मडगावला जा की मडगावहून पणजीला या, आकडा तोच. शास्त्राच्या काटेकोर भाषेत ती 'चालमर्यादा' व्हायला हवी. पण तशी पाटी कुणी लावली तर लोक विचारतील, ही गाडीची मर्यादा की माणसाच्या वागण्याची?

मग हा फरक हवाच कशाला? शास्त्रज्ञांना शब्दांचा कीस काढायची हौस आहे म्हणून? मला तसं वाटत नाही. आपण किती भरभर जातो हा एक प्रश्न आणि जायचं आहे तिथे किती भरभर पोचतो हा दुसरा. हे दोन प्रश्न एकच समजणं जमिनीवर खपून जातं. पाण्यावर खपत नाही. म्हणून ही गोष्ट समुद्रापासून सुरू केलेली बरी, आणि तीही आपल्याच अंजदीव बेटापासून.

वास्को द गामा १४९८ च्या २४ एप्रिलला आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीहून निघाला. बरोबर मालिंदीत मिळालेला अनुभवी वाटाड्या होता आणि पाठीशी नैऋत्येचा वारा. २० मे रोजी त्याची जहाजं कालिकतच्या किनाऱ्याला लागली. सरळ रेषेत मोजलं तर हे अंतर सुमारे ४,२०० किलोमीटर भरतं. म्हणजे दिवसाला सरासरी १६० किलोमीटर. त्या काळच्या शिडाच्या जहाजांना ही मजल उत्तमच म्हणायची.

आता परतीचा प्रवास पाहू. कालिकतच्या सामुरीशी बिनसल्यावर गामाने ऑगस्टच्या अखेरीस तिथून काढता पाय घेतला आणि तो किनाऱ्याने वर सरकत अंजदीवला आला. कारवारसमोरचं हे छोटं बेट आज गोव्याच्या हद्दीत मोडतं. तिथे जहाजं साफसूफ करून, पाणी भरून घेऊन ५ ऑक्टोबरला तो आफ्रिकेच्या दिशेने निघाला. जहाजं तीच, शिडं तीच, खलाशीही बहुतेक तेच. पण मोगादिशूजवळचा आफ्रिकेचा किनारा दिसायला २ जानेवारी १४९९ उजाडावं लागलं! जवळजवळ तीन महिने. अंजदीव ते मोगादिशू हे सरळ अंतर साधारण ३,५०० किलोमीटर, म्हणजे जातानापेक्षा कमीच. दिवसाचा हिशेब केला तर सरासरी ४० किलोमीटरसुद्धा पडत नाही.

काय झालं होतं? नैऋत्येचा मोसमी वारा सरला होता आणि ईशान्येचा अजून नीट सुरू व्हायचा होता. या समुद्रात पिढ्यान् पिढ्या ये-जा करणारे अरब आणि गुजराती नाखवे हा मधला काळ बंदरात काढत. ईशान्येचा वारा धरला की मगच ते पश्चिमेकडे निघत. गामाला ते थांबणं परवडलं नाही. वारा पडला की जहाजं जागच्या जागी डोलत राहायची आणि सुटला तर तोंडावर यायचा. शिडाचं जहाज वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. त्याला एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने असं नागमोडी जावं लागतं. अशा वेळी पाणी कापलं जातं, दोर ताणले जातात, माणसं राबत राहतात. जहाजाची चाल दिवसभर चांगली असते आणि संध्याकाळी पाहावं तर मुक्कामाच्या दिशेने चार-दोन कोसच पदरात पडलेले!

त्या तीन महिन्यांत जहाजांवर स्कर्व्हीची साथ पसरली. हिरड्या सुजून दातांवर चढल्या, हातपाय सुजले. मोहिमेतल्या एका खलाशाने लिहिलेली रोजनिशी उपलब्ध आहे. तिच्यानुसार या टप्प्यात तीस माणसं दगावली आणि त्याआधी तितकीच गेली होती. शेवटी एकेका जहाजावर धडधाकट अशी सात-आठच माणसं उरली. तीन जहाजं चालवायला माणसं पुरेनात म्हणून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोचल्यावर 'साव रफायल' हे जहाज जाळून टाकावं लागलं. आपल्याकडच्या एका शहराला ज्याचं नाव आहे त्याच्या विजयकथेत हा भाग सहसा घाईघाईने उरकला जातो. पण चाल आणि वेग यांतला फरक इतक्या कठोर अक्षरांत क्वचितच कुठे लिहिला गेला असेल.

दर्यावर्दी लोकांनी या दोन गोष्टींची नोंदही वेगवेगळी ठेवली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जहाज पाण्यातून किती भरभर जातं हे मोजायला पुढे एक साधी युक्ती निघाली. तिचं वर्णन विल्यम बोर्न या इंग्रजाने १५७४ साली छापलेल्या पुस्तकात केलं आहे. दोरीला लाकडाची फळी बांधून ती मागे पाण्यात सोडायची. फळी पाण्यात जवळपास स्थिर राहते, जहाज पुढे जातं आणि दोरी उलगडत जाते. नंतरच्या काळात या दोरीला ठराविक अंतरावर गाठी मारू लागले. वाळूच्या छोट्या घड्याळातली वाळू संपेपर्यंत किती गाठी हातातून सुटल्या ते मोजायचं, की झाला हिशेब. पुढे रूढ झालेलं एक माप असं होतं: दोन गाठींत ४७ फूट ३ इंच अंतर आणि घड्याळ २८ सेकंदांचं. आजही जहाजाची आणि वादळी वाऱ्याची चाल 'नॉट'मध्ये सांगतात, ती ही दोरीवरची गाठ. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.

पण गाठी मोजून जहाज कुठे आहे ते कळत नाही. त्यासाठी होकायंत्र पाहावं लागे. नोंदवहीत एका रकान्यात गाठी आणि शेजारच्या रकान्यात दिशा. दोन्ही मिळून नकाशावर एक छोटी रेघ ओढली जाई, दुसऱ्या पाळीला तिच्या टोकापासून दुसरी. पहिला रकाना म्हणजे चाल. दोन्ही रकाने मिळून वेग. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात ही व्याख्या छापून येण्याच्या कितीतरी आधी खलाशी ती रोज लिहीत होते.

आता इतिहासातून जरा घरी येऊ. गोव्यात राहणाऱ्याला हे समजायला गामाची गरज नाही, फेरीबोट पुरे. पणजी-बेती, रायबंदर-चोडण किंवा जुन्या गोव्याहून दिवाडी, कुठलीही घ्या. मांडवीला भरती-ओहोटीचा ओढ असतो. ओहोटी जोरात असेल तेव्हा नीट पाहा, फेरीचं तोंड समोरच्या धक्क्याकडे नसतं. चालवणारा ते प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरकं धरतो, आणि तरी फेरी बरोबर धक्क्याला लागते. भरतीच्या वेळी हेच उलट.

गणित करून पाहू. समजा नदी अर्धा किलोमीटर रुंद आहे, फेरीची पाण्यातली चाल ताशी ८ किलोमीटर आणि प्रवाह ताशी ३ किलोमीटर. फेरीचं तोंड सरळ समोर धरलं तर पावणेचार मिनिटांत पैलतीर येईल, पण धक्क्यापासून सुमारे १९० मीटर खाली! गंमत अशी की काठावरून मोजलं तर या फेरीची चाल ८ नव्हे, साडेआठ भरेल. म्हणजे ती जास्त भरभर गेली आणि चुकीच्या जागी पोचली. उलट, तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला सुमारे २२ अंश तिरकं धरलं तर काठावरून तिची चाल ७.४ इतकीच दिसेल, चार मिनिटांच्या वर थोडे सेकंद लागतील आणि ती नेमकी धक्क्याला लागेल. दिशा असलेल्या दोन गोष्टींची बेरीज आपल्या साध्या बेरजेसारखी होत नाही. ८ आणि ३ मिळून कधी ११ होतात, कधी ५, आणि मधलं काहीही.

ही बेरीज समांतरभुज चौकोनाने कशी करायची ते न्यूटनने १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त गतीचे तीन नियम सांगितल्यावर पहिल्याच उपसिद्धांतात मांडलं आहे. आणि त्याचं सगळ्यात मोठं काम याच फरकावर उभं आहे. चंद्र पृथ्वीभोवती सेकंदाला जवळपास १ किलोमीटर या चालीने फिरतो. ही चाल फारशी बदलत नाही. ग्रीकांच्या काळापासून समजूत अशी की आकाशातल्या ज्योतींचं वर्तुळात एकसारखं फिरणं हा त्यांचा स्वभावच आहे, त्याला कारण लागत नाही. चालीच्या दृष्टीने पाहिलं तर ते पटतंही. काही बदलतच नाही, तर कारण कशाचं शोधायचं? पण दिशा धरून पाहिलं तर चंद्राचा वेग क्षणोक्षणी बदलतो आहे. तो सरळ निघून जायला हवा, पण सतत पृथ्वीकडे वळतो. मग वळवणारं कुणीतरी हवं. या 'कुणीतरी'चं नाव गुरुत्वाकर्षण. नुसत्या चालीचा विचार करणाऱ्याला हा प्रश्नच पडला नसता.

तरीही न्यूटनच्या लॅटिनमध्ये चालीसाठी एक आणि वेगासाठी दुसरा असे दोन वेगळे ठरवलेले शब्द नव्हते. दिशा असलेल्या राशींचं स्वतंत्र गणित पुढे एकोणिसाव्या शतकात तयार झालं. डब्लिनच्या हॅमिल्टनला १८४३ साली त्याची वाट सापडली. 'व्हेक्टर' आणि 'स्केलर' हे शब्द गणितात या अर्थाने आणले ते त्यानेच. १८८० च्या दशकात अमेरिकेत गिब्जने आणि इंग्लंडमध्ये हेविसाइडने या गणिताला आजचं सुटसुटीत रूप दिलं. आता दिशेसकट एक आणि दिशेविना एक असे दोन शब्द हवे होते. इंग्रजीकडे लॅटिनमधून आलेला एक आणि जुना घरचा एक असे दोन शब्द आयते पडून होते. बोलण्यात दोघांचा अर्थ एकच होता. पुस्तकांनी त्यांची वाटणी केली. त्यातल्या घरच्या शब्दाचा, म्हणजे 'स्पीड'चा, मूळ जुना अर्थ तर होता यश, भरभराट! प्रवासाला निघालेल्याला 'गॉडस्पीड' म्हणतात ते 'लवकर जा' या अर्थाने नव्हे, 'देव तुला यश देवो' या अर्थाने.

सगळ्या भाषांनी अशी वाटणी केली नाही. पोर्तुगीजमध्ये 'व्हेलोसिदाद' हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो, आणि नेमकेपणा हवा असेल तिथे पुढे विशेषण लावतात. म्हणजे मुक्तीपूर्वी पणजीच्या लिसेवमध्ये शिकलेल्या आपल्या आधीच्या पिढीला हा 'फरक स्पष्ट करा' वेगळ्या तऱ्हेने भेटला असणार. जर्मनमध्येही दोन्हीसाठी एकच शब्द आहे, आणि आइन्स्टाइनने १९०५ चा सापेक्षतेचा लेख त्याच भाषेत, त्याच एका शब्दावर लिहिला. तेव्हा दोन शब्द नसले तर विज्ञान अडतं असं मी म्हणणार नाही. दिशेचा प्रश्न विचारायचा राहिला तर मात्र अडतं.

आता आपल्या भाषेकडे वळू. मला वाटतं, इथेच खरी मौज आहे.

'वेग' हा शब्द आज आपण दिशेविना वापरतो. वेगवान गोलंदाज, वेगाने पसरलेली बातमी वगैरे. पण हा शब्द जन्मापासून असा नव्हता. वैशेषिक दर्शनावर साधारण सहाव्या शतकात प्रशस्तपादाने जो ग्रंथ लिहिला, त्यात वेग म्हणजे वस्तूला लाभलेला एक संस्कार आहे, आणि त्याचं लक्षण काय, तर एका ठराविक दिशेने हालचालींची मालिका चालू ठेवणारा. दिशा व्याख्येतच बसवलेली! हा वेग आजच्या पुस्तकातल्या वेगाशी तंतोतंत जुळत नाही. तो हालचालीचं कारण आहे, मोजमाप नाही. पण दिशेविना त्याची कल्पनाच होत नाही. वैशेषिकांनी हालचालीचे पाच प्रकार मानले तेही असेच: वर फेकणं ते उत्क्षेपण, खाली टाकणं ते अवक्षेपण, आत ओढून घेणं ते आकुंचन, बाहेर पसरणं ते प्रसारण आणि बाकी सगळं गमन. 'किती भरभर' हा प्रश्न या वर्गवारीत नाहीच. प्रश्न आहे तो 'कुठे'. आयुर्वेदाने सांगितलेले तेरा 'अधारणीय वेग', म्हणजे शिंक, जांभई आणि त्यांची इतर नकोशी भावंडं, तेही आतून बाहेर एकाच दिशेला रेटणारे. ज्याने भरल्या सभेत शिंक दाबली आहे त्याला वेगाची दिशा समजावून सांगावी लागत नाही!

पंचांग घ्या. 'शनी वक्री झाला', 'गुरू मार्गी झाला' हे आपल्याकडे भौतिकशास्त्राचं तोंड न पाहिलेली माणसंही बोलतात. वक्री म्हणजे ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर उलट्या दिशेने सरकणारा. सूर्यसिद्धांतात ग्रहांच्या आठ गती दिल्या आहेत. त्यांत शीघ्र, शीघ्रतर, सम, मंद, मंदतर आहेत, तशाच वक्र, अतिवक्र आणि विकल याही आहेत. भरभर जाणं, थबकणं आणि उलट फिरणं एकाच यादीत! गणिताच्या भाषेत धन, शून्य आणि ऋण वेग. भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत तर 'तात्कालिक गती' म्हणजे त्या-त्या क्षणाची गती सांगितली, कारण चंद्राची गती क्षणोक्षणी बदलते.

आणि 'चाल'? शास्त्राने दिशा नसलेल्या राशीला हा शब्द दिला. पण मराठी बोलण्यात चाल कधीच दिशाहीन नसते. बुद्धिबळात उंटाची चाल तिरपी, घोड्याची अडीच घरांची. तिथे चाल म्हणजे निव्वळ दिशा, किती भरभर सोंगटी सरकवली याला काही किंमत नाही. संभाजीराजांनी १६८३ साली पोर्तुगिजांवर चाल केली असं आपण म्हणतो, आणि ही चाल नेहमी कुणावर तरी असते. गाण्याची चाल स्वर कुठे चढणार, कुठे उतरणार ते ठरवते. 'त्याची चाल मला कळली' यातही त्याचा रोख कुठे आहे ते कळलं, हाच अर्थ. थोडक्यात, व्यवहारात आपण वेगाची दिशा काढून घेतली आणि चालीत ती भरून ठेवली. पाठ्यपुस्तकाने बरोबर उलट केलं! मुलं गोंधळतात त्यात नवल काय?

यावर एखादा म्हणेल, मग हे मराठी शब्द हवेतच कशाला, सरळ स्पीड आणि व्हेलॉसिटी म्हणा. गोव्यात तर तेच होतं. आमच्यापैकी अनेकांची वाट तीच: चौथीपर्यंत मराठी, पाचवीपासून इंग्रजी. म्हणजे गणित-विज्ञानाच्या ज्या वर्षी संकल्पना उलगडू लागतात, नेमक्या त्याच वर्षी भाषा बदलते. चाल आणि वेग हे शब्द शास्त्रीय अर्थाने आम्हाला कधी भेटलेच नाहीत. जे दोन इंग्रजी शब्द भेटले ते त्या वयात कानाला सारखेच परके होते. त्यांना ना बुद्धिबळाची आठवण चिकटली होती, ना पंचांगाची. दोन परक्या शब्दांतला फरक पाठच करावा लागतो, दुसरा इलाज नसतो.

इंग्रजी नको असं मला म्हणायचं नाही. ती हवीच. पण वर्गात व्हेलॉसिटी शिकवताना शिक्षकाने पाच मिनिटं फेरीबोटीवर घालवली, 'ओहोटीला फेरीचं तोंड कुठे असतं?' एवढं विचारलं, तर त्या वर्गातली निम्मी मुलं हात वर करतील. त्यांनी ते पाहिलेलं असतं. 'वक्री' या शब्दाचा अर्थ आजीला विचारून या म्हटलं, तर ऋण वेग घरबसल्या कळेल. पावसाळ्यात मच्छीमारांसाठी इशारा देतात त्यात वाऱ्याचा जोरही असतो आणि दिशाही. तांडेलाला दोन्ही कळल्याशिवाय त्या इशाऱ्याचा उपयोग नाही. तिथेही एक बारकावा आहे. वारा कुठून येतो त्यावरून त्याचं नाव पडतं आणि प्रवाह कुठे जातो त्यावरून त्याचं. नैऋत्येचा वारा ईशान्येकडे जातो, पण ईशान्येचा प्रवाह ईशान्येकडेच जातो. हे ज्याला ठाऊक नाही त्याने होडी पाण्यात न लोटलेली बरी.

असो. वेगमर्यादेच्या पाट्या बदला अशी मागणी मी करणार नाही. बोलीभाषेला तिचा सैलपणा शोभतो. पण अंजदीवहून ५ ऑक्टोबरला निघालेल्या त्या जहाजांवरच्या माणसांना विचारता आलं असतं, तर आपण किती भरभर जातोय यात त्यांना काडीचाही रस नसता. आफ्रिका किती जवळ आली, एवढंच त्यांनी विचारलं असतं. शाळेतल्या त्या दोन गुणांच्या प्रश्नाचं उत्तर मुलांना या वाटेनेही सांगता येईल. तुमच्या ओळखीत कुणी विज्ञान शिकवणारं असेल तर एकदा सुचवून बघा.